पंचगंगेकाठची मोकळी जमीन : घाटापासून बावड्यापर्यंत चालायची वाट ठेवता येईल का?

गंगावेसकर

कोल्हापुरात पंचगंगा घाटापासून कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यापर्यंत, नदीच्या शहराकडच्या काठाला अजून ऊस आहे, वैरणीचे पट्टे आहेत, मधेमधे बाभळी-करंजाची बेटं आहेत. या काठाची एक सलग पट्टी लोकांसाठी मोकळी ठेवावी, असं मला वाटतं. मुरुमाची वाट, दोन सायकली शेजारून जातील एवढी रुंद, कडेला झाडं. बस्स. कारंजी नकोत, सेल्फी पॉइंट नकोत, नावाची कमान तर अजिबात नको.

आत्ताच का? कारण जमीन रात्रीत जात नाही, थरांनी जाते, आणि ते थर आता दिसायला लागलेत. शिवाजी पुलाच्या पुढं एका वळणावर बघून घ्या. आधी अंधार पडल्यावर डंपर येतो आणि पाडलेल्या घराची खरमाती टाकून जातो. कापलेल्या कडेला उभं राहिलं की सगळा इतिहास वाचता येतो : तळाला काळी माती, तिच्यावर फरशीचे तुकडे, मोझॅक, अर्धं फुटलेलं बेसिन, प्लॅस्टरला चिकटलेला गुलाबी रंग. त्याच्यावर मुरूम. मुरुमावर रोलर फिरला की तारेचं कुंपण, मग पत्र्याचं शेड, मग 'गाड्या धुऊन मिळतील'. त्याच्या पुढं काय होतं ते आपण सगळेच बघत आलोय.

हद्दवाढीचं घोंगडं १९७२ ला महापालिका झाल्यापासून भिजत पडलंय. शहर सुमारे ६७ चौरस किलोमीटरमध्ये कोंबलेलं आहे, त्यामुळं जिथं मोकळं दिसेल तिथं माणूस सरकणारच. आणि नदीचं म्हणाल तर तिनं दोनदा सांगून झालं. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. ज्या जमिनीवर इतकं पाणी येतं तिथं बांधायचं नसेल तर मग करायचं काय, हा प्रश्न आपण कधी नीट विचारलाच नाही. म्हणून हा धागा.

सकाळचा_राउंड

कल्पना चांगली आहे, पण रंकाळा आहे की भावा. पदपथ आहे, चौपाटी आहे, सकाळी पाचला निम्मं कोल्हापूर तिथं असतंय. असलेला तलाव नीट राखता येईना आणि नवीन काय करायलाय? चार महिने नदीकाठ पाण्याखाली. उरलेल्या आठात दोन चिखलाचे. राहिले सहा. सहा महिन्यांच्या वाटेसाठी एवढा खटाटोप?

आणि दुसरं. वाट झाली की वडापाव, मग चहा, मग रात्रीची 'बैठक'. बाटल्या कोण उचलणार?

गंगावेसकर

@सकाळचा_राउंड, रंकाळा भरलाय म्हणूनच विचारतोय. रविवारी तिथं चालायचं म्हणजे महाद्वार रोडवर दिवाळीची खरेदी. आणि बावडा, रमणमळा, नागाळा पार्क, शुक्रवार पेठ इथल्या माणसानं गाडी काढून रंकाळ्याला जायचं, चालायचं, परत गाडी काढायची, हे काही खरं नाही. नदी त्यांच्या पाठीमागंच आहे. फक्त तिच्याकडं जायला रस्ता नाही.

सहा महिने वापरता येईल, हे मात्र मला वाईट वाटत नाही. पुरात बुडली तरी चालेल अशी एकच सार्वजनिक जागा असते, ती म्हणजे मोकळी जागा.

नकाशावाला

थोडं कायद्याचं लिहितो, कारण 'ब्लू लाईन आहे, मग काळजी कशाला' असं बरेच जण समजतात.

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर ठेवून बांधता येतं. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत निषिद्ध पट्ट्यात काय चालतं त्याची यादी आहे : बाग, हिरवळ, मोकळी जागा, पार्किंग, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र वगैरे. म्हणजे गंगावेसकर म्हणतात ती वाट आणि झाडं नियमात आधीच बसतात. कुणाची खास मेहेरबानी लागत नाही.

पण ही यादी नीट वाचा. 'हिरवळ' आणि 'पार्किंग' चालतं. मग लग्नाचं लॉन येतं. लॉनला स्टेज लागतं, स्टेजला छप्पर, जेवणाला शेड, वधूपक्षाला खोल्या. कागदावर ती हिरवळच असते. निळी रेषा फार तर इमारत थांबवते. ती भराव थांबवत नाही, कुंपण थांबवत नाही, आणि जमीन लोकांसाठी खुली तर मुळीच करत नाही. आज निळ्या रेषेच्या आतली बहुतेक जमीन खाजगी आहे आणि खाजगीच राहणार.

दुसरा रस्ता आरक्षणाचा. विकास आराखड्यात 'उद्यान' किंवा 'हरित पट्टा' टाकायचा. ऐकायला गोड. पण नगररचना अधिनियमाचं कलम १२७ असं आहे की आराखडा मंजूर झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. पैसे नसताना टाकलेलं आरक्षण म्हणजे मालकाला दहा वर्षांनी सुटण्याची तारीख देणं.

अनिवासी_करवीरकर

मी सध्या अहमदाबादला असतो. तुम्ही लोक एवढं छोटं का बघताय? साबरमतीला येऊन बघा. दोन्ही काठांना भिंत, वर फरसबंद रस्ता, खाली घाट, बागा, बोटी. संध्याकाळी माणसांचा महापूर. कोल्हापूरला असं झालं तर अंबाबाईला आलेला भाविक एक दिवस जास्त राहील. मातीची वाट करून कुणी येत नाही.

रेडेडोह

@अनिवासी_करवीरकर, साबरमती आणि पंचगंगा यांची नाडीच वेगळी आहे. साबरमतीचं पात्र वर्षातला बराच काळ कोरडं असायचं. आज तिथं जे पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं आणि वासणा बंधाऱ्यानं अडवलेलं आहे. तिथं भिंत बांधून पात्र आखणं जमलं, ते बरं का वाईट हा वाद बाजूला ठेवू.

आपल्याकडं काय होतं? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र होतं. हे घाटमाथ्याचं पाणी. गगनबावड्याला धो धो लागला की दुसऱ्या दिवशी घाटावर कळतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरल्यावर पाण्याच्या दाबानं आपसूक उघडतात, ते कुणाला विचारत नाहीत. खाली नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढं सरकायला वाव नसतो. मग पाणी करतं काय? आडवं पसरतं. रेडेडोह फुटला असं आपण म्हणतो तेव्हा काय झालेलं असतं? नदीनं पात्र सोडून आंबेवाडी-वडणग्याच्या शिवारात अंग टाकलेलं असतं. तेवढा वेळ शहराला श्वास मिळतो.

या पसरण्याच्या जागेत भिंत घातली की पाणी वर चढणार. चिखली-आंबेवाडीची माणसं आधीच दर मोठ्या पुरात घरं सोडतात, त्यांच्या उंबऱ्यात अजून फूटभर पाणी घालून आपण बोटिंग करायचं का? भरावाचं गणितही तेच. एकट्या प्लॉटच्या भरावानं पातळी किती वाढली ते मोजताही येणार नाही, म्हणून प्रत्येक जण म्हणतो, माझ्यानं काय होतंय. पण असे शेकडो 'माझ्यानं काय होतंय' एकापुढं एक ठेवले की झाला बंधारा. शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावाबद्दल लोक पिलरचा पूल मागतात ते उगीच नाही. २०१९ च्या पुरानंतर त्याची कारणं शोधायला नेमलेल्या वडनेरे समितीनं पूररेषेतल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं होतंच.

नाशिकचा गोदापार्क आठवा. २०१६ च्या पुरात तिथल्या सुशोभीकरणाची काय अवस्था झाली ते फोटो अजून सापडतील. नदीकाठी जे बसवाल ते एकतर वाहून जाणार नाहीतर गाळाखाली जाणार. म्हणून वाहून गेलं तरी रडू येणार नाही असंच बसवावं.

अनिवासी_करवीरकर

ठीक, भिंत नको. पण निदान पेव्हर ब्लॉक तरी घाला. मुरुमाची वाट पहिल्या वळवात चिखल होईल.

रेडेडोह

पेव्हर ब्लॉकखालची कच पाणी उतरताना निघून जाते. मग ब्लॉक निम्मे वर, निम्मे खाली. काळ्या मातीत नुसता मुरूम टाकला तर तोही खाली बसतो, हे तुमचं बरोबर. पाणंद रस्ते जसे करतात तसं करायचं : वरची काळी माती उकरून काढायची, दगडाचं सोलिंग, वर मुरूम, पाणी मारून रोलर, आणि दोन्ही बाजूला चर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाट आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीलाच ठेवायची. उंच केली की तो बांध झाला आणि आपणच भराववाले झालो.

बावड्याचा_मळा

पोरानं धागा दाखवला. सगळं वाचलं. लई शिकलेली माणसं दिसताय. एक बी जण इचारंना, जमीन कुणाची हाय.

माझी हाय. आज्ज्यापास्नं कसतोय. नदीला लागून हाय, मळईची हाय, सोनं पिकतंय त्यात. २०१९ ला ऊस शेंड्याच्या वर बुडाला. पाणी हाललं न्हाई. ऊस उभा असतोय बघा पाण्यातनं निघाल्यावर, लांबनं वाटतंय वाचला. जवळ जाऊन शेंडा वढला की हातात येतोय, कुजलेला, वास मारतोय. मग खालच्या डोळ्यांस्नी पांगशा फुटत्यात, कांडीला वजन न्हाई. नुकसानभरपाईचं फारम भरलं, मिळालं ते खताला बी पुरलं न्हाई. २०२१ ला परत तेच.

आता ब्लू लाईन म्हणून गिऱ्हाईक आलं की निम्मी किंमत सांगतंय. शेजारच्यानं भराव टाकून शेड भाड्यानं दिलं, त्याला महिन्याला बिनघोर पैसा येतोय. मी न्हाई टाकला भराव. आणि आता तुमी म्हणताय, तुमची जमीन आमास्नी चालायला द्या. पोटं तुमची सुटल्यात, त्याला माझा ऊस का काढायचा?

सकाळचा_राउंड

😂 मामा, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

पण खरं बोलला. हेच कुणी बोलत नव्हतं.

आक्का_शुक्रवारपेठ

मामांचं बरोबर आहे, आणि त्यात माझंही थोडं घालते. आमच्या घरात दोन्ही पुरांत पाणी होतं. जिन्याच्या कितव्या पायरीवर आलं ते पोरांनी खडूनं लिहून ठेवलंय. पूर आला की शहराला आम्ही आठवतो, चपात्या-भाकऱ्या गोळा होतात, सगळं कोल्हापूर धावतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ज्या मळ्यांमुळं आमच्या घरात चार इंच पाणी कमी येतं त्या मळ्याच्या मालकाला शहर वर्षभर काय देतं? काहीच नाही. त्यानं उद्या भराव टाकला तर नावं ठेवायला मात्र आपण पुढं.

दुसरं, वाटेबद्दल. बायकांनी चालायचं असेल तर नदीकाठी दोन किलोमीटर आत अडकून पडायला नको. दर थोड्या अंतरावर वस्तीकडं निघणारा फाटा हवा. मोटारसायकल आत शिरता कामा नये, त्यासाठी तोंडाला वाकडं फाटक. रात्रभर दिवे लावण्यापेक्षा अंधार पडला की बंद, हे मला जास्त चालेल. आणि स्वच्छतागृह हवंच, पण ते काठावर नको, रस्त्याकडच्या तोंडाला. पुरात शौचखड्डा फुटून नदीत गेला तर झाली आपली हिरवाई.

वाळुंज

झाडांवर कुणीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून आले. वृक्षारोपण म्हटलं की आपल्याकडं ट्रक भरून गुलमोहर, पेल्टोफोरम आणि आता ते शंकूसारखे शोभेचे अशोक येतात. नदीकाठी यातलं एकही नको. पुरात गुलमोहर उभाच्या उभा उन्मळतो.

काठाला ज्यांनी शेकडो वर्षं पूर पाहिलेत तीच झाडं लावायची. अगदी पाण्याच्या कडेला शेरणी. कमरेएवढं झुडूप, पुरात आडवं पडतं, पाणी उतरलं की उठून उभं राहतं, मुळं खडकाच्या फटीत. थोडं वर वाळुंज (मी नाव उगीच घेतलेलं नाही). त्याच्या वर उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन. धूप होते तिथं वाळा. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, काठ धरून ठेवतात. आणि बाभळी दिसल्या की तोडायच्या हा नाद सोडा. त्या बाभळींवर सुगरणींची घरटी असतात.

सगळीकडं झाडंही नकोत. टिटवी उघड्या गवतात अंडी घालते. काठ तासून हिरवळ केली की ती गेली. थोडा भाग नुसता सोडून द्यायचा. आपल्या लोकांना 'काही न करणं' हे काम वाटत नाही, हीच अडचण आहे.

केंदाळाचं (जलपर्णीचं) एक : वाटेवरनं केंदाळ आणि शहराचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याचा वास दिसेल-येईल, लोक नाक मुरडतील. मुरडू देत. आज नदीची अवस्था कुणाला दिसत नाही, कारण तिच्याकडं तोंड करून कुणी उभंच राहत नाही. बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटरचं आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असूनही पंप बंद पडला की नाला थेट नदीत. चालणारी माणसं असली की अशा दिवशी फोटो निघतील.

नकाशावाला

@बावड्याचा_मळा मामा, तुमच्या पोस्टमुळं धागा जमिनीवर आला. दोन गोष्टी सांगतो, पटतात का बघा.

पहिली. सगळी जमीन घेण्याची गरजच नाही. संपादन करायचं तर २०१३ च्या कायद्यानं बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, ती कुणाच्या अंदाजपत्रकात बसणार नाही. पण वाटेपुरत्या पट्टीचा वहिवाटीचा हक्क नोंदणीकृत करारानं घेता येतो. मालकी तुमची, सातबाऱ्यावर नाव तुमचं, फक्त इतर हक्कात नोंद : अमुक फूट पट्ट्यातून लोकांना पायी जाण्याचा हक्क. बाकीच्या रानात ऊस करा, भाजी करा. त्याबदल्यात मोबदला, आणि करारात भराव न टाकण्याची अट. आक्का म्हणतात ते 'शहर काय देतं' याचं उत्तर तिथं लिहिता येईल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जुना गाव नकाशा काढून बघा. त्यात तुटक एकेरी रेषा असते तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. नदीला पाणी प्यायला जनावरं न्यायची, धुणं न्यायचं, उतारावरनं पलीकडं जायचं, यासाठी गावाला वाटा होत्याच. नकाशावर असलेली वाट नांगरून घेतली, कुंपणात गेली, म्हणून ती संपत नाही. ती उकलून मागता येते. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा आहे, अडवलेली वाट खुली करण्याचे अधिकार तहसीलदाराला त्यातच आहेत. म्हणजे नव्यानं मागायचं किती आणि आपलंच परत घ्यायचं किती, हे आधी कळलं पाहिजे. मला वाटतं बऱ्याच ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी वाट निघेल.

बावड्याचा_मळा

पायमार्ग हाय. माझ्याच बांधाला हाय. आजी त्या वाटंनं धुणं घिऊन जायाची. आता मधी दोघांनी तारा मारल्यात आणि एकानं वाटंवरच मोटरची खोली बांधलीया. नावं घेत न्हाई, रोज तोंड बघायचं असतंय.

करारात आमचं काय काय असंल ते सांगतो. एक, पैसा दर साल पायजे, एकदाच टाकून मोकळं व्हायचं न्हाई. एकदाच दिलेला पैसा लग्नात जातोय. दोन, पूर आला, ऊस बुडला, तर त्या सालचं भाडं बुडायचं न्हाई. तीन, ऊसतोडीला ट्रॅक्टर त्या वाटंनंच जाणार. तवा 'हरित पट्टा हाय, ट्रॅक्टर नको' म्हणून कुणी शिट्टी घिऊन उभं ऱ्हायचं न्हाई. चार, म्हसरं पाण्यावर जाणार. चालणाऱ्यानं शेण तुडवलं तर तक्रार माझ्याकडं आणायची न्हाई.

भरावाची अट मला चालतीया. पण मग शेजारच्याचा टाकलेला भराव बी काढाय लागतोय. मी न टाकून येडा ठरायचं आणि त्यानं टाकून भाडं खायचं, असं व्हणार असंल तर माझं नाव काढा.

रेडेडोह

मामांचा शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात खरा. पाडण्याचं उदाहरण आहे. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले. हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. पण तिथं बंगले घेणाऱ्यांचे पैसे गेले, प्लॉट विकणारे आधीच बाजूला झालेले. इमारत उभी राहिल्यावर पाडण्यापेक्षा भरावाच्या वेळीच धरणं सोपं. मुरूम हे गौण खनिज आहे. डंपरकडं रॉयल्टीचा पास लागतो. पास नसेल तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो, गाडीही जप्त होते. भराव कुणाच्या जमिनीवर, किती उंच, या वादात अडकण्यापेक्षा 'पास दाखव' हे वाक्य जास्त चालतं. अर्थात घरपाडीच्या खरमातीला हे लागू होत नाही, तिथं दुसरा इलाज बघावा लागेल.

सकाळचा_राउंड

म्हणजे रात्री डंपर अडवायला कोण जाणार? मी नाही बाबा. 🙏

आक्का_शुक्रवारपेठ

कुणी अडवायला जायचं नाही. नंबरप्लेट दिसेल असा फोटो, वेळ, ठिकाण, तलाठ्याला आणि तहसीलला मेल. एकट्यानं केलं की आपण उघडे पडतो, गल्लीतल्या वीस जणांनी एकाच दिवशी केलं की कुणाचंच नाव राहत नाही. तालमीच्या पोरांना सांगा, वर्गणीच्या पावत्या फाडतात तेवढ्याच उत्साहानं करतील.

वाळुंज

एक शंका. घाटापासून सुरुवात म्हटलं तर समाध्यांची देवळं, मग स्मशानभूमी, ब्रह्मपुरी, मग पूल. स्मशानभूमीतून वाट नेऊ नये असं मला वाटतं. चितेसाठी शेणी (गोवऱ्या) घेऊन आलेली माणसं आणि इअरफोन घालून पळणारी माणसं एका वाटेवर बरी दिसत नाहीत. तिथं वळसा ब्रह्मपुरीच्या अंगानं घ्यावा.

बरं झालं तर तिथंच एक पाटी लावता येईल. १९४५-४६ च्या उत्खननात त्या टेकडीत सातवाहनकाळची वस्ती सापडली, रोमन व्यापाराच्या खुणा सापडल्या, समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी घरं टेकडीवर केली होती. खाली नव्हती केली.

गंगावेसकर

स्मशानाला वळसा, मान्य. जयंती नाल्यावर पायपूल लागेल, तो एकच खर्चाचा भाग दिसतो. तोही पुरात अडथळा होणार नाही असा करावा लागेल. त्यावर @रेडेडोह यांनी सवडीनं लिहावं.

मला आता एवढं दिसतंय. तिसऱ्या सुधारित विकास आराखड्याचं प्रारूप जाहीर झालं की हरकती-सूचनांना महिनाभराची मुदत मिळते. त्या महिन्यात नकाशे शोधत बसलो तर काही होणार नाही. म्हणून आधी गाव नकाशावरचे पायमार्ग काढायचे, आजच्या उपग्रह नकाशावर बसवायचे, कुठं तार, कुठं खोली, कुठं भराव याची नोंद करायची. मालकांची नावं या धाग्यावर कुणीही टाकू नयेत, फक्त जमिनीचा रि. स. (सर्व्हे) नंबर. सूचना देताना 'नदीकाठी उद्यान करा' असं मोघम लिहायचं नाही. अमुक नंबरपासून अमुक नंबरपर्यंत पायमार्ग कायम दाखवा, एवढंच लिहायचं. सगळे तुकडे जोडले जाणार नाहीत. बावड्याच्या बाजूचा अर्धा किलोमीटर जरी चालता आला तरी तिथून सुरुवात करू, घाटाकडचा भाग नंतर.

मामा, तुमच्या बांधावरनं सुरुवात केली तर चालेल का? रविवारी सकाळी चौघं-पाच जण येतो.

सकाळचा_राउंड

मी येतो. राउंडही होईल. नंतर मिसळ कुणाकडनं?

नकाशावाला

मी गाव नकाशाची प्रत काढून ठेवलीय, मोजणीची नाही, त्यामुळं दोन-चार फूट इकडंतिकडं होईल. बांधावर वाद घालायचा नाही, फक्त बघायचं.

बावड्याचा_मळा

या. सातच्या आत या, मग मला वैरणीला जायाचं असतंय. मिसळ कशाला, घरात भाकरी हाय. गाडी मेन रोडलाच लावा, मोटरच्या खोलीपाशी लावू नका, तो माणूस तसाच हाय. आणि बुटं घालून येऊ नका, लागणीला पाणी सोडलंय.